रंगूनमामी हिरोचं भाषांतर करत नाहीत

रंगूनमामी हिरोच्या एकाही वाक्याचं भाषांतर करत नसत. हिरोईन बोलली की लगेच मराठीत सांगायच्या, सासू बोलली की सांगायच्या, गावातला वेंधळा नोकर बरळला तरी सांगायच्या. पण हिरोनं तोंड उघडलं की या मेथी निवडायला लागायच्या. पडद्यावर तो बिचारा गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून काहीतरी जीव तोडून सांगतोय, आणि आम्ही दोघी, म्हणजे मी आणि समोरच्या कदमवहिनी, माना लांब करून विचारतोय, "काय म्हणाला?"

"कोण?"

"अहो, हिरो."

"मला नाही ऐकू आलं," असं मामी म्हणायच्या. गल्लीच्या टोकाला कोणाच्या कुकरची शिट्टी झाली तेही ज्यांना ऐकू यायचं, त्या मामी.

हा ब्रह्मदेशी सिनेमांचा कार्यक्रम आमच्या थाटीपुरात, मामींच्या पुढच्या खोलीत, रोज दुपारी चाले. ग्वाल्हेरच्या उन्हात दुपारी बायका दुसरं करणार काय? कोणी झोपतं, कोणी सुनेला नावं ठेवतं. आम्ही बर्मी सिनेमा बघायचो.

पण मामी कोण ते आधी सांगायला हवं. नाव शकुंतला जाधव. सासरची मंडळी दक्षिणेतून फौजेबरोबर आलेली, तीन-चार पिढ्या इथेच. मामींचे वडील मात्र ब्रह्मदेशात रेल्वेत होते. मामींचा जन्म, शाळा, मैत्रिणी सगळं मोलमेनचं. तिथलं सरकार बदललं, हिंदुस्थानी लोकांना निघावं लागलं, तशा त्या विशीत बोटीनं इकडे आल्या आणि लग्न होऊन ग्वाल्हेरला पडल्या. रंगून त्यांनी पाहिलं ते बोटीची वाट बघण्यापुरतं. पण गल्लीला मोलमेन म्हणता येईना, म्हणून त्या रंगूनमामी. सुरुवातीला त्या दुरुस्त करायच्या, मग सोडून दिलं. "ज्यांना जिथली वाटली तिथली," म्हणायच्या. "मी कुठली आहे ते मला माहीत आहे."

मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले तेव्हा माझा तोरा काय सांगावा. नाकावर माशी बसू देत नव्हते, आणि माशी बसलीच तर ती शुद्ध मराठी बोलते की नाही ते आधी बघत असेन. इथल्या बायका "मी गेली होती" म्हणाल्या की मी लगेच "गेले होते" म्हणून दुरुस्त करायचे. गल्लीत कोणी मला बोलावत नसे, आणि हे लोक माझ्या विद्वत्तेला बुजतात अशी माझी समजूत होती. उन्हाळ्यात मामी कसलंसं लाकूड सहाणेवर उगाळून गालांना लावायच्या, पिवळट गोल. मी दूधवाल्याला सांगितलं, त्यांना त्वचेचा काही आजार आहे, जरा जपून. त्याच जूनमध्ये लू, म्हणजे इथला तापलेला वारा, लागून माझं तोंड भाजलं, साल निघायला लागली, तेव्हा ह्याच मामी सहाण घेऊन आल्या, मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या दोन्ही गालांवर तोच आजार लावून गेल्या. वर म्हणाल्या, "पुणेकरीणबाई, दूधवाल्याला मी सांगून आली आहे, आता तुम्हाला पण झाला आहे." मी "आले आहे" म्हणून दुरुस्त केलं नाही. तिथून आमची मैत्री.

पन्नासेक वर्षं ह्या बाईच्या कानावर बर्मी भाषेचा एक शब्द पडला नव्हता. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ही चिनी भाषा घरात नको. ती चिनी नाही हे सांगून मामी गप्प झाल्या. आणि मग त्यांच्या नातीनं, इंदूरच्या, एका दिवाळीत जुना टॅबलेट आणून दिला आणि सहज म्हणून एक बर्मी सिनेमा लावला. मी तिथे होते. पडद्यावर एक मुलगी, केसांत चाफा, गालांवर तोच पिवळा लेप, अंगण झाडताना मागे वळून काहीतरी म्हणाली. आणि मामींनी तिला उत्तर दिलं. मोठ्यानं, झटकन, एखादी शेजारीण हाक मारते तसं. नात म्हणाली, "आजी, वो सुन नहीं सकती." मामींना ते ऐकूच गेलं नाही. त्या पुढचं उत्तर देत होत्या.

तेव्हापासून दुपारचा कार्यक्रम. आम्हाला आधी वाटलं, कसले सिनेमे असतील. तर अगदी घरचेच. गरीब मुलगी, श्रीमंत मुलगा, त्याची आई नको म्हणते, मुलगी पावसात भिजत निघून जाते. हे सिनेमे तिकडे म्हणे झपाट्यानं काढतात, भाड्याचा बंगला घेऊन. त्यामुळे एक लालसर सोफा आम्हाला सिनेमा सिनेमांत भेटू लागला. कधी तो सासूचा, कधी डॉक्टरचा, कधी हिरोच्या वडिलांना त्यावर झटका यायचा. "आला ग, सोफा आला," कदमवहिनी म्हणायच्या. मामींचं मत होतं की सगळ्यांत चांगलं काम सोफाच करतो. तो उगीच रडत नाही.

नटनट्यांची नावं आम्हाला म्हणता येत नसत, म्हणून आम्ही आपापली ठेवली. ती चाफावाली मुलगी मामींची. तिचा सिनेमा असला की मामी वेणी घालून बसायच्या. तिचं वैशिष्ट्य म्हणजे ती रडताना तोंड वेडंवाकडं करून रडायची, खरं माणूस रडतं तसं, आणि मामी म्हणायच्या, "ही एकटीच आरसा बघून रडत नाही." आणि दुसरा दातवाला. त्याचे दात म्हणजे मोत्यांची लड. आता नातवंडं झालेल्या बाईनं सांगू नये, पण मी त्या दातांवर पार भाळले होते. तो हसला की मी चष्मा पुसायचे. कदमवहिनी मला कोपरानं ढोसायच्या.

कोरोनाचं दुसरं वर्ष लागलं आणि तिकडे लष्करानं सत्ता हातात घेतली. आमच्याकडे बातम्यांत ते एवढंसं आलं आणि गेलं. मामी मात्र टॅबलेटवर बसून असायच्या. लोक रस्त्यावर आले, त्यांत सिनेमातली माणसंही होती, आणि चाफावाली अगदी पुढे. मग तिकडच्या टीव्हीवर संध्याकाळी नटनट्यांचे फोटो दाखवू लागले, हे आम्हाला पकडून हवेत म्हणून. एका दुपारी मामींनी मला तो फोटो दाखवला. चाफा माळलेलाच होता, कुठल्यातरी सिनेमातला.

"पकडायला पण मेल्यांनी तिचा चांगला फोटो घेतला," मामी म्हणाल्या. "चोर कधी असा दिसतो का?"

त्यानंतर चाफावाली कुठे गेली कोणाला कळेना. आणि पुढच्याच आठवड्यात दातवाला दिसला. एका स्टेजवर, गणवेशवाल्यांच्या शेजारी, हातात गुलाबांचा गुच्छ आणि सगळे दात बाहेर. मामींनी ते शेवटपर्यंत बघितलं. मग टॅबलेट उपडा ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजपासून हा मुका."

अडचण अशी होती की चाफावालीचे बरेचसे सिनेमे दातवाल्याबरोबरच होते. मामी चाफावालीला सोडायला तयार नाहीत आणि दातवाल्याला तोंड उघडू देत नाहीत. मग आम्ही अर्धे संवाद ऐकू लागलो. तो तळमळून बोलायचा, मामी मेथी निवडायच्या; ती उत्तर द्यायची, मामी सांगायच्या, "ती म्हणते, घरात तांदूळ संपले आहेत." आता ह्यावरून त्यानं काय विचारलं ते आम्ही ओळखायचं. शेवटी कदमवहिनींनी वैतागून त्याचे संवाद स्वतःच घालायला सुरुवात केली, ते पण हिंदीत, दाताखाली सुपारी धरून. "मुझे माफ कर दो, मैं तो गधा हूँ, मेरी मम्मी भी वैसी ही है." मामींनी बराच वेळ दम धरला, मग मेथीच्या जुडीत तोंड खुपसून हसत सुटल्या. पण भाषांतर केलं नाही ते नाहीच.

एक सिनेमा तर आम्ही कितीदा बघितला. शेवटी नदीचा धक्का आहे, होडी सुटायच्या बेतात, चाफावाली पाय होडीत ठेवून उभी. दातवाला धावत येतो आणि बोलायला लागतो. बोलतो, बोलतो, हात जोडतो, रडतो, पुन्हा बोलतो. इतका वेळ कोणी माझ्यासाठी बोललं असतं तर मी होडीच काय, पुणंसुद्धा सोडलं असतं, म्हणजे मी ते सोडलंच होतं, तेही फारसं कोणी काही न बोलता. चाफावाली सगळं ऐकून घेते आणि एकच शब्द उच्चारते. होडी सुटते.

"नाही म्हणाली," मामी सांगायच्या.

"पण त्यानं विचारलं काय?"

मामी टॅबलेट बंद करायच्या.

आणि मग पातेलं सुरू झालं.

पहिल्या संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. शेजारच्या गच्चीवर मामी आल्या, हातात पितळी पातेलं आणि उलथनं. कठड्याला टेकल्या आणि पातेलं बडवायला लागल्या. सगळी गल्ली खिडक्यांत आली. मी म्हटलं, "मामी, कोरोनाची थाळी मागच्या वर्षी होती."

त्या वाजवायच्या थांबल्या नाहीत. झाल्यावर पातेलं पदरानं पुसत म्हणाल्या, "घरात काही वाईट शिरलं की आमच्याकडे भांडी वाजवून बाहेर काढतात. लहानपणी मोलमेनला आम्ही पण वाजवायचो, आई पुढे आणि आम्ही मागे. तिकडे आता सगळे रोज संध्याकाळी आठला वाजवत आहेत. इथले सात म्हणजे तिथले आठ."

"पण तुमचं इथलं तिथे कोणाला ऐकू जाणार?"

"चाफावालीला मी दुपारी बोलते ते तरी कुठे ऐकू जातं."

हे मला सांगितलं, कारण मी विचारलं. बाकी कोणाला नाही. "लोक विचारत नाहीत, समजावतात," असं त्यांचं म्हणणं. पलीकडचे भदौरिया साहेब, पोलिसातून रिटायर झालेले, दुसऱ्याच दिवशी फाटकाशी आले. "माताजी, वो थाली तो पिछले साल बजानी थी. अब बंद हो गई." मामी म्हणाल्या, "आपकी बंद हुई होगी." भदौरिया साहेबांनी इंदूरला फोन केला.

मामींचा मुलगा प्रमोद इंदूरला मोठ्या कंपनीत. बाप गेल्यापासून त्याला आईला तिकडे न्यायचं होतं आणि आई हलत नव्हती. तो आला, आणि आल्या आल्या त्याचं लक्ष स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे गेलं. ते तासभर पुढे होतं. त्यानं स्टुलावर चढून ते नीट केलं. मामींनी चहा टाकून ते पुन्हा पुढे केलं. प्रमोद माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काकू, मम्मीला वेळ समजत नाही आहे. पिछला साल चल रहा है तिच्या डोक्यात. एकटी गॅस चालू ठेवून बसली तर? मी डॉक्टरला दाखवतो, आणि त्यांनी म्हटलं की घर बंद करून घेऊन जातो. इस बार मी ऐकणार नाही."

मी म्हटलं, "तिला विचार तरी, का वाजवते."

"काय विचारू? सगळ्यांना दिसत आहे ना."

तर असा सगळा प्रकार. त्या घरात मामींची दुपार होती, गच्ची होती, घड्याळ होतं. आणि एका डॉक्टरच्या एका वाक्यावर ते सगळं जाणार होतं. मी मामींना विनवलं, तुम्हीच सांगून टाका. त्या म्हणाल्या, "माझ्या पोटचा आहे. त्यानं विचारावं."

कंपू भागातल्या एका दवाखान्यात मीही गेले होते, सोबत म्हणून. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, डॉक्टर तर डोळ्यांपुरताच. वय माझ्या नातवापेक्षा थोडं जास्त. त्यानं वार विचारला, मामींनी तिथीसकट सांगितला. गावाचं नाव विचारलं, ते सांगून वर त्याच्या घरचे मुरारचे का ते विचारलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तर त्या इतक्या खाली गेल्या की तोच "बस, बस" म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले विचारलं. बरोबर सांगितले. प्रमोद म्हणाला, "डॉक्टर साहब, किचन वाली घड़ी पूछिए." मामी म्हणाल्या, "वो मोलमेन का टाइम है. वो भी सही है."

मग डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "अम्माजी, ये थाली क्यों बजाती हैं आप?"

"आपने बजाई थी पिछले साल?"

"हाँ. सबने बजाई थी."

"तो आपको कोई डॉक्टर के पास ले गया था?"

मास्कमागे तो हसला ते त्याच्या डोळ्यांवरून कळलं. प्रमोदला म्हणाला, तुमच्या आईला काही झालेलं नाही, तुम्ही त्यांच्याशी बोलता का?

 घरी आल्यावर प्रमोद स्टुलावर बसला, त्याच, घड्याळाखालच्या, आणि म्हणाला, "मम्मी, का वाजवते तू?"

मामींनी टॅबलेट काढला आणि त्याला चाफावालीचा फोटो दाखवला. सगळं सांगितलं. प्रमोदनं ऐकून घेतलं, पण तो इंदूरचा माणूस, हिशेबी. म्हणाला, "पण तिथे आता तुझं आहे कोण?"

"ही आहे ना."

"मम्मी, ती हिरोईन आहे."

"रोज दुपारी घरी येते. तू दिवाळीला येतोस."

प्रमोद त्या संध्याकाळी गच्चीवर गेला. वाजवलं नाही त्यानं, पण पातेलं जड होतं ते वर नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी एकटाच इंदूरला गेला.

भदौरिया साहेबांचं मात्र चालूच होतं. आवाज होतो, बातम्या ऐकू येत नाहीत. एकदा ते अगदी सातच्या ठोक्यालाच गच्चीवर चढून आले. मामींनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यांच्यासमोर उभं राहून पूर्ण वाजवलं. रोजच्यापेक्षा जास्तच. मग म्हणाल्या, "अब बोलिए." भदौरिया साहेब कान चोळत उतरून गेले. पुढे पुढे असं झालं की एखाद दिवशी गुडघ्यांमुळे मामींना जिना चढायला उशीर झाला, तर तेच खालून मनगटावरचं घड्याळ बघत ओरडायचे, "माताजी, सात बज गए."

चाफावाली एकदा दिसली. कोणीतरी फोनवर घेतलेलं, हलणारं चित्र. कुठलंतरी रान, मागे ताडपत्री, केस पोरासारखे कापलेले, चाफा नाही, लेप नाही. सोफा तर नाहीच. मामींनी वेणी घातलेली नव्हती म्हणून त्यांनी ते तिथेच थांबवलं, आत जाऊन केस नीट करून आल्या आणि मग लावलं.

"काय म्हणते?" कदमवहिनींनी हळूच विचारलं.

"म्हणते, मी ठीक आहे. खायला मिळतं. रडायचं काम आता सिनेमापुरतंच ठेवलं आहे." मामी थांबल्या. "आणि म्हणते, भांडी वाजवत राहा."

ती खरंच तसं म्हणाली का, ते आम्हाला कसं कळणार? मी मामींच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं नाही.

वर्षा-दोन वर्षांनी मामी जिन्यात पडल्या, कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण एकटं राहणं संपलं. ह्या वेळी प्रमोदनं विचारलं आणि मामी हो म्हणाल्या. इंदूरला त्यांनी उंच इमारतीच्या बाल्कनीत खुर्चीत बसून वाजवलं, आणि सोसायटीनं दोनदा नोटीस दिली, हे मला प्रमोदनंच मागच्या महिन्यात सांगितलं, मामी गेल्याचा फोन केला तेव्हा. रडत होता आणि मधेच म्हणाला, "काकू, नोटीस देणारे सेक्रेटरी आले होते भेटायला. बोलले, सात वाजता अजीब लगता है."

मला मात्र मामी दिसतात त्या इथून निघाल्या त्या सकाळच्या. गाडी दारात, पुढच्या सीटवर मामी, गालांवर पिवळे गोल, मांडीवर पितळी पातेलं, त्यात उलथनं. प्रमोद म्हणत होता, "मम्मी, ते डिक्कीत ठेवतो ना. आणि तिकडे काय बर्तन नाहीत का?"

"तुझ्याकडची नॉनस्टिक आहेत. त्यांना आवाज नाही."

कदमवहिनी डोळे पुसत होत्या. मी खिडकीत डोकं घालून नको तेच विचारलं. "मामी, आता जाता जाता एवढं सांगून जा. त्या धक्क्यावर तो एवढं बोलतो, शेवटी तिला विचारतो काय?"

मामींनी माझ्याकडे बघितलं, सहाण घेऊन आल्या होत्या तेव्हा बघितलं होतं तसं.

"तिनं नाही म्हटलं ते कळलं ना तुम्हाला, पुणेकरीणबाई?"

"कळलं."

"मग झालं."

प्रमोदनं गाडी चालू केली. भदौरिया साहेब फाटकात पेपर धरून उभे होते. त्यांनी सवयीनं मनगटाकडे बघितलं. सकाळचे सात. गाडी गल्लीच्या टोकाला पोचली, वळली, दिसेनाशी झाली, आणि त्यानंतर, वळणापलीकडून, उलथन्याचा एक ठोका आला. ठण्ण.